हत्तींसाठी बांधलेली वेस आणि श्रीरामपूरचा टेम्पो

तटबंदीचं गाव पाहायला निघताना पायांत बूट, पोटात न्याहारी आणि पिशवीत मोजपट्टी असावी, असं माझं ठाम मत आहे. त्या रविवारी बूट आणि मोजपट्टी घेऊन मी सकाळी सहाच्या एसटीनं अहिल्यानगरहून निघाले. न्याहारी मुद्दाम पुढे ढकलली, कारण वाटेत करंजीचा घाट आहे. एसटीत महिलांना तिकीट अर्धं पडतं, धक्के मात्र पूर्ण मिळतात. तिसगावला उतरून गरम भजी आणि चहा घ्या, मग पुढे जीप. गावाचं नाव मी लिहिणार नाही, आणि त्याचं कारण शेवटी देईन. तिसगावात ‘दगडी वेशीचं गाव’ एवढं विचारलंत तरी जीपवाला नेमका वेशीसमोर नेऊन सोडतो.

आता वेस समजून घेऊ. बाहेरच्या कमानीतून शिरलं की समोर सरळ गाव दिसत नाही. समोर येते भिंत. वाट काटकोनात डावीकडे वळते आणि मग आतला दरवाजा लागतो. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांचे उंच दगडी ओटे, म्हणजे देवड्या. त्यांतल्या एका देवडीवर साऱ्या गावाच्या ताराआत्या झेंडूचं तोरण ओवत बसल्या होत्या. त्यांच्या भाचीचं लग्न त्याच दिवशी दुपारी साडेबाराला होतं. मी त्यांना या वळणाचा हेतू सविस्तर सांगितला: शत्रूच्या हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये, म्हणजे तो दरवाजावर धडक देऊ शकत नाही.

“म्हंजे मोठं काही आत शिरायलाच नको,” आत्या म्हणाल्या. “लई शानी मानसं हुती.”

एवढ्यात मोठं काहीतरी आत शिरलं. श्रीरामपूरहून मांडवाचे लोखंडी पाइप, कढया आणि शेगड्या घेऊन आलेला पिवळा टेम्पो पहिल्या कमानीतून जोरात आला, वळला आणि देवडीच्या कोपऱ्याला घासून थांबला. मागून बाहेर आलेले पाइप भिंतीला अडकले. आता तो पुढेही जाईना आणि मागेही येईना.

“मोबाईलवर रस्ता सरळ दाखवत हुता!” चालक रफीकभाई खिडकीतून ओरडले. दार उघडत नसल्यामुळे ते खिडकीतूनच बाहेरही आले.

नवरीचे वडील बबनराव, म्हणजे आत्यांचे धाकटे भाऊ, धावत आले. घड्याळात साडेनऊ वाजले होते, आणि स्वयंपाकाचं सगळं सामान वेशीत अडकलेलं. “घन आना रं कुनीतरी! ह्यो कोपरा उडवू, टेम्पो सरळ आत जाईल.”

मी घाईघाईनं मोजपट्टी काढली. लांबी, रुंदी, वळण, सगळं दोनदा मोजलं. “अहो, एक कोपरा फोडून भागणार नाही. पुढे आतला दरवाजा याहून अरुंद आहे. हा टेम्पो आत जाणारच नाही. रिकामा केलात तर बाहेर मात्र निघेल.”

“आन् रिकामा करायचा कुनी?”

गल्लीतली पंधरा-वीस माणसं समोरच उभी होती, हाताची घडी घालून. खरी अडचण मला तेव्हा कळली. या गावात लग्नाचं सामान वेशीबाहेर उतरतं आणि सारी गल्ली ते हातोहात आत नेते, ही जुनी रीत. बबनरावांनी यंदा मोठ्या रुबाबात सांगून टाकलं होतं की, कुणी यायची गरज नाही, माल थेट दारात येणार.

“डिलिव्हरी हाय ना दारात?” गर्दीतून एकानं विचारलं. बायका पदराआड हसल्या.

“बबन,” आत्यांनी तोरणावरची नजरही न उचलता म्हटलं, “घन राहू दे. तोंड हाय ना तुला? बोलाव की.”

बबनरावांनी टोपी काढली, घाम पुसला. आवाज अगदी खाली आला. “चुकलं माझं. या की आता.”

“मोठ्यानं म्हन, मागं ऐकू आलं न्हाई!”

“चुकलं म्हनतो! या!”

आणि गल्ली आली. पाइप, पातेली, शेगड्या हातोहात पुढे सरकू लागल्या; माझ्या वाट्याला एक अवाढव्य कढई आली, जिची उपयुक्तता मी आजवर केवळ जेवणाऱ्याच्या बाजूनं अनुभवली होती. रिकामा टेम्पो सगळ्यांनी ढकलून मागे काढला. साडेबाराच्या मुहूर्ताला भात थोडा कच्चा होता, पण होता.

त्याआधी कोल्हारहून नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी आली, तेव्हा अख्खी गल्ली वेशीत आडवी उभी राहून ओरडली, “थांबा! उतरा!” वऱ्हाड चपापलं. बबनराव टोपी सारखी करत पुढे झाले. “आमच्याकडं पाव्हन्याला मानानं चालत आनत्यात. लई जुनी रीत हाय.” नवरदेव भारावून उतरला. पंगतीत बबनराव माझ्या कानाशी आले. “लिवा खुशाल, बाई. फक्त गावाचं नाव नको. पाव्हनं वाचत्यात.”

संध्याकाळच्या एसटीनं घरी परतले. उजवा खांदा चार दिवस दुखत होता. फोटो पाहताना देवडीच्या कोपऱ्यावर टेम्पोची पिवळी रेघ स्पष्ट दिसते. बबनराव ती घासून काढणार होते; आत्यांनी काढू दिली नाही. पुढेमागे कुणी अभ्यासक तिला मध्ययुगीन रंगकामाचा अवशेष ठरवेल, म्हणून नोंद करून ठेवते. या वेशीनं हत्ती कधी अडवला का, याचा पुरावा माझ्याकडे नाही. टेम्पो अडवला, आणि गल्लीला मात्र आत घेतलं, हे मी कढई धरून पाहिलं आहे.