थोरलीचं क्रीम आणि पाच सेंटिमीटर

माझी थोरली जमिनीची उंची मोजते. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की पूर्वी मी "इंजिनीअर आहे" म्हणून मोकळी व्हायचे. कारण पुढे काही सांगायला गेलं की समोरचा म्हणणार, "उंची? जमिनीची?" मग समजावत बसा, की नवी वस्ती उभी राहण्याआधी सांडपाण्याचे पाइप कुठून न्यायचे आणि त्यांना किती उतार द्यायचा हे ठरवावं लागतं. पाणी ना साहेबाचं ऐकत ना पुढाऱ्याचं. ते फक्त उताराचं ऐकतं.

तर थोरली तिपाईवर दुर्बिणीसारखं यंत्र लावते. लांबवर तिचे मदतनीस, ज्यांना सगळे काका म्हणतात, आकड्यांची उंच पट्टी सरळ धरून उभे असतात. ती यंत्राला डोळा लावून पट्टीवरचा आकडा वाचते, वहीत लिहिते, यंत्र उचलते, पुढे जाते. सकाळी पुलाच्या कठड्यात बसवलेल्या एका पितळी खुणेपासून निघायचं आणि मोठा फेरा मारून संध्याकाळी त्याच खुणेवर परत यायचं. वाटेतले सगळे चढउतार मिळून शून्य यायला हवेत. चार-सहा मिलिमीटर इकडचे तिकडे झालेले चालतात. त्याहून जास्त झाले तर दिवस वाया.

यंत्र तापू नये म्हणून त्याच्यावर मोठी छत्री उघडतात. नोकरी लागली त्या आठवड्यात मला हे कळलं, तेव्हा मी विचारलं, "आणि तुझ्यावर?"

"ऊन लागलं की यंत्राची पातळी दाखवणारा बुडबुडा सरकतो गं आई. मी काय बुडबुडा आहे?"

पाचव्या महिन्यात तिच्या दोन्ही गालांच्या उंचवट्यावर तपकिरी डाग उमटले. तिला त्याचं काहीच नव्हतं. माझी झोप उडाली. त्वचेच्या डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं, "हा वांग आहे. मलम देतो, पण रोज सनस्क्रीन लावलं नाही तर मलम म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

झालं, सनस्क्रीन शोधण्याचं काम मी अंगावर घेतलं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं. दुकानातलं सगळ्यात महाग ते आणलं, आणि पोरीच्या तोंडाला भलतंसलतं लागू नये म्हणून आधी आठ दिवस स्वतःच्या चेहऱ्याला लावून पाहिलं. माझी त्वचा कोरडी, पन्नाशीला टेकलेली. दिवसभर मी वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करत बसते. माझ्यावर ऊन पडतं ते खिडकीतून, तेही चार वाजता, तेही पडदा ओढायला विसरले तर. क्रीम मला असं मानवलं की शेजारणीने विचारलं, काय लावतेस म्हणून. मी ती ट्यूब मोठ्या विश्वासाने थोरलीच्या हातात दिली.

थोरलीची त्वचा तिच्या बाबांवर गेलेली. सकाळी धुतलेला चेहरा दहा वाजता तेलाने चकाकतो. चार दिवसांत कपाळभर पुरळ आलं. वर ज्या काचेला डोळा लावायचा त्या काचेवर तेलकट थर बसू लागला. "आई, मी दिवसभर आकडे कमी वाचते आणि काच जास्त पुसते," ती म्हणाली.

दुसरं आणलं, तेही आधी मीच लावून. माझ्या गोऱ्या चेहऱ्यावर ते दिसतच नव्हतं. थोरली सावळी. ती कामावर पोचली तेव्हा काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, कुठल्या भिंतीला टेकलात? रंग ओला होता वाटतं." संध्याकाळी ती म्हणाली, "काका आता मला दोनशे मीटरवरून नुसत्या डोळ्यांनी ओळखतात. पट्टी त्यांनी वाचावी, मी धरते."

तिसरं मात्र पाण्यासारखं पातळ होतं. लावलं की नाहीसं व्हायचं, तेल नाही, पांढरेपणा नाही. जिंकलो, असं मला वाटलं. डॉक्टरांनी उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावायला सांगितलं होतं, म्हणून दर दोन तासांनी मी वाचनालयाच्या जिन्यात जाऊन फोन करायचे. "लावलंस?" "लावते." "लावते नको म्हणू, लाव." मागून काकांचा आवाज यायचा, "आईसाहेबांचा भोंगा झाला, चला, एक वाजला."

त्या गुरुवारी एकचा फोन गेला तेव्हा ती यंत्रापाशीच उभी होती. कटकट नको म्हणून तिने तिथल्या तिथे चेहरा माखला आणि डोळा काचेला लावला. घाम आला, घामाबरोबर क्रीम उजव्या डोळ्यात उतरलं. डोळा चुरचुरला, पाणी आलं. तशातच तिने आकडा वाचला.

संध्याकाळी फेरा जुळला नाही. पाच सेंटिमीटर! तिच्या कामात पाच सेंटिमीटर म्हणजे आमच्या वाचनालयात अख्खं कपाट हरवल्यासारखं. शुक्रवारी ती आणि काका पुन्हा सगळं चालत गेले तेव्हा चूक सापडली. तीनशे पस्तीस मिलिमीटरच्या जागी तीनशे पंच्याऐंशी लिहिलं होतं. ओल्या डोळ्याला मधल्या इंग्रजी तीनचा आठ दिसला होता.

साहेब चिडले नाहीत. म्हणून तर ती जास्त घाबरली. ते म्हणाले, "सोमवारी नाल्याच्या कडेचा मोठा फेरा आहे. तो जुळला तर बाहेरच्या कामावर राहा. नाही जुळला तर आत बसून नकाशे काढा, तेही काम महत्त्वाचंच आहे."

घरी येऊन तिने हे सांगितलं आणि खरं लिहायचं तर मला आधी बरंच वाटलं. आत. पंख्याखाली. चेहऱ्यावर छप्पर. मी बोलूनही गेले, "वाईट काय त्यात?"

ती उसळली. "मला टेबलाला बांधायचंय तुला?"

"मला तुझा चेहरा—"

"चेहरा माझा आहे, आई. आणि सोमवारी मी काहीही लावणार नाहीये. काही म्हणजे काही नाही."

धाकटीने पुस्तकातून डोकं वर काढलं. "आई, तू एक सांग. तिन्ही क्रीमं तू स्वतःला लावून बघितलीस. उद्या ताईच्या चपला घ्यायच्या तर तुझ्या पायात घालून बघशील?"

मला राग आला आणि मी तिन्ही ट्यूबा उचलून कपाटात कोंबल्या.

शनिवारी सकाळी मीच थोरलीला म्हटलं, "चल, औषधांच्या दुकानात जाऊ. तू निवड. मी बोलणार नाही." औषधवाल्या बाईंनी विचारलं, घाम फार येतो का. मी म्हणाले, फार. त्यांनी विचारलं, पुरळ येतं का. मी म्हणाले, कपाळावर. मग त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, तोंड त्यांचं आहे ना? मग बोलू द्या की त्यांना."

मी शाम्पूच्या फळीपाशी जाऊन उभी राहिले. तिथून सगळं ऐकू येत होतं. थोरली त्यांना तीन आणि आठची गोष्ट सांगत होती, ती काच कशी असते, गाल कुठे टेकतो ते हाताने दाखवत होती. बाई म्हणाल्या, "पातळ, न दिसणारी क्रीमं असतात ना, त्यातली बरीच घामाबरोबर डोळ्यात गेली की झोंबतात. झिंक ऑक्साइडचं घेऊन बघा, ते सहसा कमी झोंबतं. पांढरं दिसतं म्हणून त्वचेच्या रंगाचं येतं, आणि वांगाला तो रंगही फायद्याचा असतो. पण तुम्हाला कुठलं मानवेल हे मी छातीवर हात ठेवून नाही सांगणार. छोट्या ट्यूबा न्या. जबड्याच्या कडेला थोडं थोडं लावून पुरळ उठतं का बघा. आणि लावल्या लावल्या कामाला नका लागू. वीस मिनिटं बसू द्या त्याला."

तीन छोट्या ट्यूबा घेऊन आम्ही घरी आलो. जबड्यावर ठिपके लावून एक रात्र काढली, काही उठलं नाही. रविवारी दुपारी थोरलीने गच्चीवर स्वतःची परीक्षा मांडली. एक ट्यूब लावायची, वीस मिनिटं सावलीत बसायचं, पाण्याच्या दोन बादल्या घेऊन जिना चार वेळा चढायचा, आणि घामाघूम झाली की धाकटीची पक्षी बघायची दुर्बीण डोळ्याला लावायची. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला धाकटी कॅलेंडर धरून उभी. "वाच ताई, तिसरी ओळ! अगं तेवीस कुठे, अठ्ठावीस आहे! नापास!"

पहिल्या ट्यूबने दुर्बिणीची काच धुरकट केली. दुसरी घाम पुसताना रबराने खोडल्यासारखी कण कण होऊन निघून आली. प्रत्येक वेळी चेहरा धुवायचा, तासभर थांबायचं, पुन्हा बादल्या. मी फक्त बादल्या भरून देत होते, आणि जीभ दाताखाली धरून होते. तिसरीनंतर ती वर आली, ओळीमागून ओळ वाचत गेली, आणि एकदाही डोळा चोळला नाही. मग आरशात बघून तिने उजव्या डोळ्याभोवती बोटभर कडा ओल्या कापडाने पुसून काढली.

"तिथे का पुसलंस?" माझ्या तोंडून निघालंच.

"काच तिथेच टेकते. आणि बाकी वेळ टोपीची सावली असते तिथे. तेवढी जागा मला दे, आई."

दिली.

सोमवारी ती निघताना मी विचारलं नाही. दारातून तिचा गाल दिसला, एकसारखा, तिच्याच रंगाचा. अकराला जिन्यात गेले आणि फोन न करता परत आले. एक वाजता तर मी फोन खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. त्या दिवशी मी दोन प्रवासवर्णनं गणिताच्या कपाटात ठेवली, असं नंतर कळलं.

पावणेसहाला खणातला फोन वाजला आणि मी घाईने कुलूप काढलं. थोरली होती.

"आई, दोनदा लावलं. दुपारी छत्रीखाली बसून लावलं आणि मोजून वीस मिनिटं थांबले. काकांनी पण मागितलं, त्यांच्या नाकाला लावलंय."

"ते कुणी विचारलं? जुळलं का ते सांग!"

"चार."

"चार काय? सेंटिमीटर?"

"मिलिमीटर गं! सव्वादोन किलोमीटरला चार मिलिमीटर! साहेबांनी वही दोनदा तपासली. उद्या सातला नाल्याच्या पलीकडे जायचंय, तो सगळा भाग मला दिलाय."

मागून काका ओरडत होते, "आईसाहेब, आज भोंगा नाही झाला, आम्ही जेवायलाच विसरलो!"

मी हसायला लागले आणि वाचनालयात बसलेल्या चारही माणसांनी माना वर केल्या. फोन ठेवल्यावर कळलं की माझे खांदे दिवसभर कानापर्यंत चढलेले होते. ते खाली आले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि मला त्याची अजिबात भीती वाटली नाही.

याला आता दोन महिने झाले. डाग गेले नाहीत. पण वाढलेही नाहीत, आणि डावीकडचा थोडा फिका झालाय असं डॉक्टर म्हणाले. मला तसं दिसत नाही, थोरलीला दिसतं. परवा तिची ट्यूब संपली, तर नवी तिने स्वतःच आणली.