तुडुमाचा खुंटा

मंगळवार, दसऱ्यानंतरचा. जागा: तलावाची पाळ, आंब्याखाली. हजर: पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष, नहराच्या शेवटाला ज्यांच्या धानाच्या बांध्या आहेत ते शेतकरी, तलावात मासे धरणारे ढिवर घरातले एक वयस्क गृहस्थ, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, त्यांची बायको, आणि संस्थेची सचिव म्हणून मी. बाकीचं गाव गैरहजर. ज्यांचा धान नहराच्या वरच्या अंगाला आहे त्यांना पाणी आधीच मिळालं होतं; त्यांना घाई नव्हती.

पाऊस निघून गेला होता आणि धान निसवू लागला होता. एरवी या दिवसांत धरणाचं पाणी नहरानं आमच्या तलावात येतं. यंदा ते मोठ्या पाइपातून कारखान्याकडे वळवलं. आम्ही गाडी करून पाटबंधारे कार्यालयात जाऊन आलो. तिथले साहेब नीट बोलले. यंदाचं वाटप झालं आहे, पुढच्या हंगामासाठी मागणी अर्ज करा, गावाचा ठराव जोडा, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या हंगामाच्या पाण्यानं यंदाचा धान पिकत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनाही ते ठाऊक होतंच.

म्हणजे तलावाच्या पोटातलं तेवढं पाणी उरलं होतं. आमचा तलाव जुना, मालगुजारांच्या काळातला. पाळीखालून पाणी सोडायला दगडी तुडुम आहे. त्याच्या पायऱ्यांवर एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडाचा खुंटा ठोकलेला. वरची भोकं केव्हाच उघडी पडली होती. राहिलं होतं खालच्या पायरीच्याही खालचं, तळाचं. ते उघडायला बुडी मारावी लागते, आणि ती ढिवर घरातल्या माणसानंच मारायची अशी रीत आहे. त्याबद्दल धान निघाला की प्रत्येक खळ्यावरून त्याला सूपभर धान जातो. पण तळाचं पाणी सोडलं की त्याच माणसाचे मासे मरतात. आषाढात सोडलेलं बीज आता कुठं हाताएवढं झालं होतं.

"उतर ना गा भाऊ, काऊन बसून राह्यला?" अध्यक्ष म्हणाले.

"उतरतो ना. पन खाली माह्या मासोळ्या हायेत. त्यायले कुठी ठेवू? तुमच्या धानाच्या ढोलीत?"

दोघं-तिघं हसले. मागून एक जण बोलला, "मासोळी का, पुढच्या साली भी येते. धान गेला त गेला."

तेव्हा भाऊंची बायको उठली. "येते का जी? बीज का आभायातून पडते? बाजारात रिकामं टोपलं घेऊन मले बसा लागते, तुमाले नाई."

ऊन डोक्यावर आलं तरी हे चालूच होतं. शेवटी मी म्हटलं, पाणी कुठवर सोडायचं ते आधी ठरवा, मग भांडा. तेव्हा बोलणं जागेवर आलं. दोन रात्री पाणी सोडायचं, पाळीपाळीनं घ्यायचं, आणि तुडुमाची खालची पायरी उघडी पडायच्या आत खुंटा परत ठोकायचा. तेवढ्या पाण्यात मासे तगले असते. भाऊंनी बायकोकडे पाहिलं. त्यांनी सदरा काढला आणि ते उतरले.

दोनदा रिकामे वर आले. तिसऱ्या वेळी पाळीपलीकडे नहरात पाणी खळखळलं आणि माणसं तिकडे धावली. भाऊ खुंटा काखेत धरून वर आले. एरवी तो दोरीनं बांधून पाण्यातच ठेवतात. पण शेतकऱ्यांच्या घरच्या बाया ताट घेऊन आल्या होत्या. त्यांनी खुंट्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि खुंटा पाळीवरच्या देवीपुढं मांडला.

"पान्यातच ठेवा लागते थो," भाऊ म्हणाले.

"दोन दिवसाची त गोष्ट हाये भाऊ. यानंच पानी देल्लं, त्याचा मान नाई करा का?" ताट धरलेली एक बाई म्हणाली.

भाऊंनी आणखी वाद घातला नाही. देवीपुढून वस्तू कोण उचलणार? मीही हात जोडून घरी गेले.

खुंटा दोन दिवस ऑक्टोबरच्या उन्हात पडून राहिला. पाण्यात फुगलेलं लाकूड सुकलं, आवळलं, एका बाजूनं तडकलं. ठरल्या वेळी भाऊ उतरले तेव्हा तो भोकात ढिला बसला, आणि पाण्याच्या ओढीनं निसटून नहरात गेला. मग धानाची तणस कोंबली, चिखल लावला, पोत्यांत माती भरून टाकली. ज्यांनी पूजा केली त्यांच्याच घरची माणसं छातीएवढ्या पाण्यात उभी राहून पोती देत होती. कोणी अंग चोरलं नाही. पाणी थांबलं नाही.

सकाळी तलावात चिखल होता आणि चिखलात मासे तडफडत होते. भाऊंची बायको टोपलं घेऊन आत शिरली. विकण्याजोगे एवढेसेच होते. एक शेतकरी मदतीला वाकला, तर ती म्हणाली, "राहू द्या जी. तुमचा धान पाहा."

धान चांगला झाला. रीतीप्रमाणे सुपं भाऊंच्या घरी गेली, काहींची शिगोशीग भरून. तिनं एकेक सूप रिकामं करून परत दिलं आणि कोणालाही बसा म्हटलं नाही. नंतर ती मिरची तोडायला तेलंगणाकडे गेली. पूर्वी ती कधी गेली नव्हती.

आता पुढच्या हंगामाचा मागणी अर्ज द्यायचा आहे. आजवर आम्ही पाणी मागितलं ते फक्त धानासाठी. कार्यालयाच्या लेखी आमच्या तलावात मासे नाहीतच, म्हणून धरणाचं वाटप ठरताना त्यांचं पाणी कोणी धरत नाही. या वेळी मी ठरावाचा मसुदा वेगळा केला आहे: खालच्या पायरीखालचं पाणी माशांचं, ते कोणत्याही साली सोडायचं नाही, आणि धरणातून मागताना ते मोजूनच मागायचं. अध्यक्षांचं म्हणणं असं, की सूचक धानवाल्यांपैकी हवा, नाहीतर तो एका घराचा ठराव वाटेल. ते बरोबर आहे. मी विचारत फिरते आहे. सगळे म्हणतात, ठराव चांगला आहे बाई. मग म्हणतात, पण पुन्हा असंच साल आलं तर?

भाऊंच्या बायकोला मी अजून काही कळवलेलं नाही. सूचकाच्या नावाची जागा कोरी आहे. वरच्या अंगाच्या बांधीवाल्यांकडे जायचं राहिलं आहे.