चार आइतवारांचं उत्पन्न

स्वतंत्र देशात प्रत्येक कुटुंबाला स्वतःचं छप्पर असावं, ही सरकारची प्रतिज्ञा होती. ती प्रतिज्ञा छापलेला अर्ज हातात घेऊन मी मैलापुरात एका घराच्या मागच्या दाराशी उभा होतो. पुढच्या दाराने येऊ नकोस असं कुणी म्हणालं नव्हतं. ओट्यावरच्या म्हातारीने फक्त बाजूच्या बोळाकडे बोट दाखवलं होतं.

घर आमच्या साहेबांचं. मद्रासच्या एका सरकारी कचेरीत ते गॅझेटेड अधिकारी, मी कारकून. आडनाव राव, मूळ तंजावरचे, घरात मराठी. मीही तंजावरचा, मराठीच, पण शिंपी. तमिळ गावात आपली भाषा कानावर पडली की माणूस पाघळतो. मला वाटलं, आपला माणूस आहे. ही चूक माझी. तिचं खापर सरकारवर फोडत नाही.

कमी पगारवाल्यांना घर बांधायला सरकार कर्ज देणार होतं. नोकरी कायम हवी. स्वतःचं घर कुठेही नसावं. सगळं मिळून उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं. आणि हे सगळं खरं असल्याचा वरिष्ठाचा दाखला. उत्पन्नात मी जेमतेम बसत होतो. घर नसण्याबद्दल वादच नव्हता. ट्रिप्लिकेनच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं, आणि पोंगल, म्हणजे संक्रांत, झाली की खोली सोडा, असं मालकाने बजावलेलं.

साहेबांनी अर्ज वाचला नाही. मला वाचलं.

"तुझा बाप आमच्याकडे शिवायला यायचा."

"हो."

"मशीन येते, की इंग्रजी शिकून विसरलास?"

"येते."

"मुलीचं लग्न आहे. तुला सही होणं, मला शिवण होणं. चार आइतवार ये."

आमच्या तंजावरी मराठीत 'होणं' म्हणजे हवं असणं.

घरी आलो. बायको म्हणाली, "चार आइतवारच ना. मान खाली घालून शिवा. शिवताना तशीही खालीच असते."

मागच्या पडवीत मशीन ठेवलेली. सोवळ्याच्या घरात शिंप्याचा हात अंगाला लागू नये, म्हणून माप घरातलीच माणसं घ्यायची. सुतळीला गाठी मारायच्या आणि सुतळी पायरीवर टाकायची. पहिली गाठ खांदा, दुसरी छाती, तिसरी कंबर. बापाने मला हे गणित लहानपणी शिकवलं होतं. सोमवार ते शनिवार मी याच साहेबांसाठी इंग्रजी पत्रांचे मसुदे लिहीत असे. रविवारी सुतळी वाकून उचलत असे. मजुरीचा विषय निघाला नाही. शेवटच्या दिवशी एक केळं मिळालं.

त्या दिवशी त्यांनी दाखला लिहिला, लखोट्यात घातला, डिंक लावला. मग माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. कापडाला कात्री लावण्याआधी बाप असंच पाहायचा. मी आभार मानले.

तमिळ मार्गळी महिन्यात, पोंगल तीन आठवड्यांवर असताना, उत्तर आलं. कचेरीचं टपाल मीच फोडत असे. अर्ज नामंजूर. सोबत दाखल्यातला उतारा. इंग्रजी निर्दोष होती. अर्जदार रविवारी शिवणकाम करतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. हे उत्पन्न त्याने दाखवलेले नाही. ते धरता तो मर्यादेबाहेर जातो.

मी उतारा घेऊन आत गेलो.

"खोटं लिहिलं काय मी? शिवत होतास की नाही?"

"तुमच्याकडे शिवत होतो."

"कुठे ते सरकार विचारत नाही." त्यांनी फाइल मिटली. "आता धाकटीचंही जुळतंय. आइतवारी ये. पुढल्या वर्षी परत अर्ज कर, बघू."

तेव्हा मला दिसलं. धाकटी, मग तिची बाळंतपणं, मग नातवांच्या मुंजी. माझ्या पोरांच्या हातात त्याच सुतळ्या.

"येणार नाही," मी म्हणालो.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "बदलीसाठी रामनाडला एक जागा रिकामी आहे. पाणी नाही म्हणतात तिथे."

रात्र जाऊ दिली नाही. त्याच दुपारी फेरविचाराचा अर्ज लिहिला. त्यात तक्रार नव्हती, विनंती एकच. दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यांनी माझं उत्पन्न प्रत्यक्ष पाहिलं आहे. तरी त्या चार रविवारी मजुरी किती दिली, ते त्यांनी सहीनिशी कळवावं.

कारकुनाचा अर्ज वरिष्ठामार्फतच पुढे जातो. माझे वरिष्ठ तेच. दुसऱ्या दिवशी मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला. ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आतापर्यंत माझं एवढं लक्ष देऊन त्यांनी काही वाचलं नव्हतं.

"हा पुढे गेला तर तुला काय मिळणार? घर?"

"नाही. रामनाडला पाठवलंत तर तिथूनही पाठवीन. तुमच्याच मार्फत."

मी पोच मागितली. त्यांनी प्रतीवर सही केली. खाली तारीख कालची घातली होती. चुकीच्या तारखेची पोच पुढे खोटी ठरवता येते. तारीख मी दुरुस्त करून घेतली.