एक्केचाळीस जणी

तिला सगळे चिमी म्हणायचे. वय बावन्न, अंगानं थोराड, बूट पुरुषांच्या मापाचे, तरी चिमीच. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दादाचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. वहिनीनं त्या पोरक्या पोरीला पोटाशी धरलं आणि चिमी हे नावही तिनंच ठेवलं. पुढे वहिनीला मूल झालं नाही. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "एक आहे की. खाऊन खाऊन वाढलीय बघा."

चिमी मॅमोग्राफीच्या गाडीत टेक्निशियन होती. पन्नास ते सत्तर वयाच्या प्रत्येक बाईच्या घरी दर दोन वर्षांनी पत्र जायचं. दुखत असो नसो, येऊन छातीचा फोटो काढून घ्या, कॅन्सर असेल तर लवकर कळेल. एक लांबलचक पांढरी गाडी एकेका वस्तीत तीन-तीन आठवडे मुक्काम ठोकायची. आत पडदा लावलेल्या दोन खोक्याएवढ्या खोल्या, भिंतीला हूक, पायाशी हीटर आणि मध्यभागी ते यंत्र. छाती खालच्या प्लेटवर ठेवायची, वरची प्लेट पायानं पेडल दाबून खाली आणायची आणि घट्ट आवळायची. दोन फोटो वरून, दोन तिरके. दिवसाला चाळीस-पंचेचाळीस बायका. फोटो शहरातल्या इस्पितळात जायचे, तिथं दोन डॉक्टर ते वेगवेगळे बघायचे आणि महिन्याभरात पत्र यायचं.

बायका यंत्राला शिव्या द्यायच्या. "हे नक्की पुरुषानं बनवलंय, त्याला काय आवळायचं होतं कुणास ठाऊक." चिमी हसायची, बोलत राहायची, त्यांच्या नातवंडांची चौकशी करायची आणि पेडलवरचा पाय जरा लवकर उचलायची. तिचा हात हलका, अशी ख्याती पसरली होती. फोनवर बायका विचारून घ्यायच्या, "मोठ्या बाई कोणत्या वारी असतात?" दुसऱ्या टेक्निशियनला सगळ्या 'कडक' म्हणायच्या. कडक कुणाचं ऐकायची नाही. "अजून थोडं, श्वास धरा, हलू नका," एवढंच बोलायची. तिच्याकडून बायका डोळे पुसत बाहेर पडायच्या. तक्रारी कडकच्या नावावर, कौतुकाचे कागद चिमीच्या. एकोणीस वर्षं असंच चाललं होतं.

वहिनी मात्र गाडीकडे फिरकली नव्हती. तिचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पँटची लांबी कमी कर, चेन बदल, अस्तर लाव. पत्र आलं की त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती गिऱ्हाइकांची मापं लिहायची. एकदा चिमीनं ते पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं.

"परक्या बायकांना घरी जाऊन समजावते मी, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा?"

"मला कुठं काय होतंय?"

"होत नाही तेव्हाच यायचं असतं. मंगळवारी नाही आलीस तर मी इथं पाऊल टाकणार नाही."

मंगळवारी वहिनी आली. चौसष्ट वर्षांची, काडीसारखी. आयुष्यभर मशीनवर वाकून डावा खांदा धरलेला. तो हात वर जाईना. उजवीकडचे फोटो नीट झाले. डावीकडच्या तिरक्या फोटोला चिमीनं तिचा हात दांड्यावर ठेवला, पेडल दाबलं, आणि वहिनीच्या तोंडून आवाज निघाला. ओरडणं नव्हतं ते. कपडा टरकावा तसा बारीक आवाज होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बास गं चिमे. बास."

नऊ वर्षांच्या चिमीच्या गुडघ्यातली काच याच बाईनं काढली होती. तेव्हा चिमी "बास" म्हणत होती आणि वहिनी थांबली नव्हती. पण चिमी थांबली. होतं तेवढ्यावर बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला. छातीचा स्नायू फोटोत खालपर्यंत दिसायला हवा, तो वरच्या कोपऱ्यात नुसता डोकावत होता. म्हणजे मागचा, बरगड्यांना लागून असलेला भाग प्लेटमध्ये आलाच नव्हता. नियम सरळ होता. पुन्हा काढायचा. बाहेर सहा जणी खोळंबल्या होत्या आणि वहिनी सदऱ्याची बटणं लावायला लागली होती. चिमीनं फोटो पुढे पाठवला.

महिन्यानं पत्र आलं. कॅन्सरची कोणतीही खूण आढळली नाही, पुढची तपासणी दोन वर्षांनी. खाली बारीक अक्षरात, मधल्या काळात काही बदल जाणवला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. वहिनीनं मोठ्या अक्षरातलं वाचलं. ते पत्र तिनं मापं लिहायला वापरलं नाही, दुकानात काचेखाली लावलं.

सव्वा वर्षानंतरची गोष्ट. चिमी दुपारी दुकानात गेली होती. वहिनी वरच्या फळीवरचं दोऱ्याचं रीळ काढायला स्टुलावर चढली. तिनं डावा हात उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. खांद्याचं दुखणं जुनंच होतं, त्यात नवल नव्हतं. पण पातळ सदऱ्यातून डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, एक खळगा पडलेला चिमीला दिसला. आतून कोणीतरी धागा ओढून धरावा तसा. वीस वर्षांत असे खळगे तिनं पाहिले होते.

"वहिनी, खाली उतर."

"हे रीळ तेवढं..."

"उतर म्हणते ना."

मागच्या खोलीत, कपडे घालून बघायच्या आरशासमोर, चिमीनं हात लावून पाहिलं. गाठ लिंबाएवढी होती आणि हलत नव्हती.

"कधीपासून आहे?"

वहिनीनं नजर चुकवली. "सहा महिने झाले असतील."

"आणि बोलली नाहीस?"

"तुमच्याच पत्रात लिहिलंय ना काही नाही म्हणून. म्हटलं, यंत्रानं बघितलंय, दोन डॉक्टरांनी बघितलंय, चिमीनं स्वतः काढलाय फोटो. मग ही गाठ साधीच असणार. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. सुईची तपासणी, स्कॅन, कागदांवर कागद. काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचला होता आणि मणक्यावर एक डाग होता. दादा प्रत्येक डॉक्टरला एकच प्रश्न विचारायचा, "पण फोटो तर स्वच्छ होता ना?" चिमी शेजारी बसून जमिनीकडे बघायची.

दोन तपासण्यांच्या मधे कोणाला कॅन्सर निघाला की तिचे जुने फोटो पुन्हा काढून बघायचे, अशी इस्पितळात पद्धत होती. अशा बायका दरवर्षी असायच्याच. काहींचा रोग फोटोनंतरच सुरू झालेला असतो, काहींचा फोटोत असूनही दिसत नाही. चिमीनं हे शंभर वेळा ऐकलं होतं. या खेपेला अंधाऱ्या खोलीत पडद्यावर वहिनीची छाती होती आणि कोपऱ्यात फोटो काढणारीची खूण म्हणून चिमीचा नंबर.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल फिरवली. "रोग इथं आहे." पेन्सिलीचं टोक फोटोच्या चौकटीच्या बाहेर, काळ्या भिंतीवर टेकलं होतं. "आणि फोटो इथं संपतो."

फोटो बघणाऱ्या दोघांपैकी एक डॉक्टर चाचरत म्हणाले, "मला अपुरा वाटला होता. पण त्या दिवशी दीडशे बघायचे होते. आणि नंबर यांचा होता. यांचं काम चांगलं असतं."

"पेशंट कोण होती, लक्षात आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझी वहिनी," चिमी म्हणाली.

त्या संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. दादा औषधं आणायला बाहेर पडला होता. चिमीनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, की फोटो अपुरा होता, ते तिला त्याच वेळी कळलं होतं, आणि दुखतंय म्हणून तिनं सोडून दिलं. वहिनी उशीला टेकून ऐकत होती. केमोनं डोक्यावरचे केस गेले होते, भुवयाही विरळ झाल्या होत्या. ती रडली नाही, रागावली नाही. तिनं विचारलं, "माझ्यासारख्या अजून किती जणींना सोडलंस?"

हा प्रश्न चिमीला स्वतःला सुचला नव्हता.

"मी आपली म्हातारी झाले," वहिनी म्हणाली. "पण बाकीच्यांना घरी कोणी नुसता खळगा बघून ओळखणारं आहे का?"

दुसऱ्या दिवशी चिमी डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. मागच्या दोन वर्षांतले तिचे सगळे फोटो तपासावेत, म्हणाली. बाईंनी चष्मा काढला. "निघालं तर तुमचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय."

तपासायला कडकला बसवलं. अकरा दिवस ती रोज आठ तास पडद्यासमोर होती. हजारो फोटोंतून, वहिनीचा सोडून, तिनं एक्केचाळीस बाजूला काढले. ती यादी चिमीच्या हातात देताना तिचे ओठ आवळलेले होते. "मला कोडं पडायचं, बायका तुझ्याकडे का धावतात," एवढंच ती म्हणाली. चिमीनं नावं वाचली. बऱ्याच जणी तिला आठवत होत्या. एक गेल्याच महिन्यात बाजारात भेटली होती आणि पिशवी खाली ठेवून मैत्रिणीला म्हणाली होती, "याच त्या. यांच्याकडे अजिबात दुखत नाही."

चिमीला यंत्रावरून काढून नोंदणीच्या टेबलावर बसवलं. एक्केचाळीस जणींना फोन करायचं काम तिनं मागून घेतलं. "तुमचा मागचा फोटो अपुरा होता, पुन्हा यावं लागेल." पलीकडून एकच प्रश्न यायचा, "म्हणजे मला आहे का?" एकीनं तीन आठवडे अन्न जवळजवळ सोडलं. एकीच्या नवऱ्यानं गाडीच्या पायरीवर उभं राहून चिमीला तोंडाला येईल ते सुनावलं. तिनं ऐकून घेतलं.

चाळीस जणी आल्या. कडकनं फोटो काढले. पस्तीस निर्धास्त झाल्या, निदान कागदावर तरी. पाच जणींना इस्पितळात बोलावलं. तिघींना सुई टोचल्यावर काही निघालं नाही, पण त्यातली एक तेव्हापासून रोज आंघोळीच्या वेळी स्वतःला चाचपते आणि दर आठवड्याला डॉक्टर गाठते. चौथीला शेंगदाण्याएवढी गाठ निघाली, ती वेळेत काढली आणि डॉक्टर म्हणतात ती सुटली. पाचवीचं मात्र कोणालाच सांगता येईना. तिच्यात जे होतं ते कदाचित जन्मभर गप्प पडून राहिलं असतं, कदाचित नसतं. छाती काढावी लागली. ती चिमीला म्हणाली, "फोन केला नसतात तर बरं झालं असतं की वाईट, एवढं तरी सांगा." चिमीला ते सांगता आलं नाही. डॉक्टरीणबाईंनाही येत नव्हतं.

याच दिवसांत वहिनी गेली. शेवटचा आठवडाभर ती बोलत नव्हती, नुसती बोटं चादरीवर सरळ रेषेत फिरवत होती, शिवण घालावी तशी. दादाला खरं काय ते वहिनीनंच सांगून ठेवलं होतं, हे चिमीला नंतर कळलं. तो तिच्याशी बोलायचा, पण कामापुरतं. दुकान त्यानं बंद केलं. काचेखालचं पत्र कोणी काढलं, ते दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

राहिली एक्केचाळिसावी. ती लाँड्री चालवायची, वय अठ्ठावन्न. फोन उचलत नव्हती, पत्रांना उत्तर नव्हतं. गाडीच्या तिच्या वस्तीतल्या मुक्कामाचा शेवटचा आठवडा लागला तेव्हा चिमी सोमवारी पायीच तिच्याकडे गेली. तिसऱ्या मजल्यावरचं दार साखळी न काढताच उघडलं. आतून ओल्या कापडाची गरम वाफ आली.

"मला काही नाही," ती म्हणाली. "काही नाही असं पत्र आहे माझ्याकडे."

"ते पत्र चुकीचं असू शकतं. म्हणूनच आलेय."

"तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतं काळजी नको म्हणून. मग आताचं बरोबर कशावरून?"

बोलता बोलता त्या बाईचा उजवा हात डाव्या काखेशी गेला होता आणि तिथंच थांबला होता. तिच्या ते लक्षातही नसावं. चिमीच्या आलं.

"गाडी गुरुवार सकाळपर्यंत आहे. पाच मिनिटांचं काम आहे. मी सोबत येते. फोटो दुसऱ्या बाई काढतील."

"बघते," ती म्हणाली आणि दार लागलं.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी सकाळी ड्रायव्हर गाडीखालचे टेकू काढायला लागला तेव्हा चिमी पुन्हा ते तीन मजले चढली. दाराआडून इस्त्री टेबलावर टेकल्याचा आवाज येत होता, ठरावीक, एकामागून एक. तिनं बेल दाबली. आवाज थांबला. पावलं दारापर्यंत आली आणि तिथंच थबकली.

"मी आहे," चिमी म्हणाली. "मी थांबते इथं. तुम्ही तयार व्हा."

दार उघडलं नाही. पावलं परतही गेली नाहीत. चिमी जिन्याच्या पायरीवर दाराकडे तोंड करून बसली. खाली गाडीचं इंजिन सुरू झालं होतं.