इफिसची रिकामी पायरी

परवा नातीने बेसमेंटमधला जुना स्लाइड प्रोजेक्टर लावला. दिव्यावर करपणाऱ्या धुळीचा वास आला आणि मी थेट ऐंशीच्या दशकातल्या, शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या चर्चच्या तळघरात जाऊन पोचले.

आमचा मराठी प्रार्थनागट नुकताच तुर्कस्तानची तीर्थयात्रा करून आला होता. "आम्ही फक्त पुरुषच जातोय, उन्हात भग्नावशेष तुडवायचेत," असं माझ्या नवऱ्याने, वसंतने, सांगितलं होतं. त्याची बॅग मीच भरली होती.

त्या दिवशी तळघरात तो पडद्याशेजारी उभा राहून संत पौलाच्या प्रवासाबद्दल बोलत होता आणि प्रोजेक्टरचं बटण माझ्या हातात होतं. इफिसचं रोमन नाट्यगृह आलं. दगडी पायऱ्यांवर सगळे जोडीने बसले होते. वसंत तेवढा एकटा, शेजारची जागा रिकामी.

गटातल्या सुनीतावहिनी माझ्या कानाशी वाकल्या. "तुम्ही हव्या होतात हो. विमानाची भीती वाटते म्हणून कोणी एवढी ट्रिप कॅन्सल करतं का?"

मुंबईहून शिकागोला मी एकटी आले होते, तान्ही मुलगी मांडीवर घेऊन.

"नेक्स्ट," वसंत म्हणाला. मी बटण दाबलं.

परवा तीच स्लाइड भिंतीवर आली. वसंतला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"आजी, व्हेअर आर यू?"

मी उठले आणि त्या रिकाम्या पायरीवर बोट ठेवलं. "इथे. तुझ्या आजोबांनी मला नेलं नाही."

तिने बटणाकडे हात नेला. मग हळूच म्हणाली, "नेक्स्ट?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे हीच."