काळ्या रंगाखालचा गंज

नाव काठावर ओढायचा लोखंडी गाडा आमच्या गावात आला, तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि गावात लोहाराचा भाता माझा एकट्याचाच होता. सारंगखेड्यापासून थोडं दूर, तापीच्या काठावर आमचं गाव. काठ उंच आणि चिकणमातीचा. नदी चढू लागली की नाव वर घ्यावी लागे, नाही तर पूर घेऊन जाई. पूर्वी खाली ओंडके सारून अर्धं गाव ती ओढायचं. मग तालुक्याच्या कचेरीतून सरकारी बांधकामांवर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरने कुठल्याशा मोडीत निघालेल्या कामावरचे जाड लोखंडी नळ आणले, त्यांचा सांगाडा जोडला, खाली चार चाकं लावली. उथळ पाण्यात नाव गाड्यावर चढवायची, पुढे दोन बैलजोड्या जुंपायच्या, की नाव वर. गाव खूश झालं. मीही झालो, खोटं कशाला बोलू.

पण त्या गाड्याची घडण चुकलेली होती. नळांची टोकं ओव्हरसियरने पाचरी ठोकून बंद केली होती. पाणी आत शिरणार नाही, असं त्याचं म्हणणं. अरे, पण जोडाजोडाला बोल्टांची भोकं होती, त्यांचं काय? गाडा नदीत उतरला की तिथून पाणी आत जाई, बरोबर गाळ नेई, आणि बाहेर पडायला वाट नाही. बाहेरचं लोखंड वाऱ्यावर वाळतं. आतलं कधीच वाळत नाही.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास चाकाला पट्टी बसवायला मला घाटावर बोलावलं. बोल्टांखालून तपकिरी ओघळ उतरले होते. मी हातोडीने नळ वाजवत गेलो. वरचे खणखणीत बोलले. खालचा, ज्यावर नावेचं सगळं ओझं येतं तो, भद्द वाजला. ओल्या मडक्यासारखा. म्हणजे तो आतून सडत चालला होता. नावाडी शेजारीच दोर वळत बसला होता. माझ्यापेक्षा वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो.

"दादा, हाऊ नळ मझारथीन सडी ऱ्हायना," मी म्हणालो.

"मंग पाड ना भोक. कोन धरी ऱ्हायना तुन्हा हात?"

हात धरला ओव्हरसियरने. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक नळाला तळाशी बोटभर भोक पाडू, म्हणजे पाणी झिरपून जाईल. आतला गाळ धुऊन काढू, नळ विस्तवावर शेकून कोरडे करू, गरम असतानाच आत जवसाचं तेल फिरवू. बाहेरून खरवडून शेंदूर आणि तेलाचा हात देऊ, वर डांबर. आणि गाडा चिखलात उभा न ठेवता दगडांवर ठेवू. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सरकारी मालाला भोक पाडशील तर नुकसानीचा गुन्हा दाखल करीन. तू नाल ठोक."

मी जाऊन नाल ठोकले. ते नाल ठोकणं अजून मला सोडत नाही.

पुढे सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेचे दिवस आले. पलीकडून घोडेवाले, व्यापारी, बायकापोरं, सगळे नावेतून उतरत होते, आणि त्याच गर्दीत मोठे साहेब घाट पाहायला येणार असा निरोप आला. ओव्हरसियर काळ्या रंगाचे दोन डबे घेऊन माझ्या दारात उभा.

"उद्या दुपारपर्यंत गाडा रंगवून वाळलेला पाहिजे."

"खरवडायला तरी एक दिवस द्या. गंजावर रंग धरत नाही."

"साहेब दहा पावलांवरून बघणार आहेत. दहा पावलांवरून गंज दिसतो का?"

मी रंग दिला. माझ्याच हाताने कुंचला बुडवला आणि ज्याच्यावर बोट दाबलं तर खपली निघत होती त्याच्यावर काळं झाकण घातलं. साहेब आले. गाडा उन्हात नव्या वहाणेसारखा चमकत होता. त्यांनी मान डोलावली, ओव्हरसियरची पाठ थोपटली, गावाने हार घातले. हाराची फुलंसुद्धा माझ्या शेजारणीने गुंफली होती.

रंगाखाली गंज तसाच आहे, हे मी नावाड्याला सांगितलं. तो उन्हाळाभर कचेरीचे उंबरे झिजवत राहिला. "कितला दाव जाई उनू," तो सांगायचा. "बाबू म्हणे, गाडा नवा कोरा शे, आत्तेच रंग दिन्हा. कागदवर तसं लिखेल शे." माझा रंगच त्याच्या तक्रारीच्या आड आला होता.

आषाढात वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. सकाळी पाणी गढूळ झालं, दुपारपर्यंत घाटाच्या पायऱ्या बुडाल्या. नाव वर घ्यायची धांदल उडाली. मीही गेलो. नाव गाड्यावर चढवली, बैल जुंपले, नावाडी मागून खांदा लावून होता. अर्धा काठ चढलो आणि मोडलं. कडकडाट झाला असता तर नावाडी बाजूला तरी झाला असता. तसा आवाजच झाला नाही. शिळी भाकरी मोडावी तसा खालचा नळ मोडला, सांगाडा कलला आणि नाव घसरून त्याच्या उजव्या पायावर बसली.

त्याचं ओरडणं मी लिहिणार नाही. आम्ही पहारी घालून नाव उचलली. गुडघ्याखाली पाय राहिला नव्हता म्हणायला हरकत नाही. त्याची बायको धावत आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुले माहीत व्हतं," ती म्हणाली. "तुले माहीत व्हतं, आनि तू रंग दिन्हा."

आठ दिवसांनी ओव्हरसियर पंचनाम्याचा कागद घेऊन आला. नावाड्याने गाडा वाकडा ओढला, ओझं जास्त घातलं, त्याच्या निष्काळजीपणाने अपघात झाला, असं त्यावर आधीच लिहिलेलं. खाली लोहार म्हणून माझी सही हवी होती. मी कागद त्याच्या हातात परत कोंबला. मग चिखलातून मोडक्या नळाचा हातभर तुकडा उपसला, पोत्यात गुंडाळला आणि पायी तालुक्याची कचेरी गाठली.

तेच साहेब ओसरीवर बसले होते. शिपाई आडवा आला. मी पोतं सोडलं आणि नळ त्यांच्या समोर फरशीवर उभा आपटला. आतून काळा गाळ पडला, आणि मग पापडाएवढ्या गंजाच्या खपल्या. नळ बाहेरून काळाभोर, आत बोटाच्या नखाएवढ्या जाडीचंही लोखंड शिल्लक नव्हतं.

"हा तुम्ही पाहिलेला गाडा," मी म्हणालो. "दहा पावलांवरून पाहिलात. आता जवळून बघा."

साहेबांनी पाय मागे घेतले. बूट खराब होतील म्हणून. मग शांतपणे म्हणाले, "तू कारागीर आहेस. तुला कळत होतं, तर रंग का दिलास?"

मी फरशीवरच्या खपल्या पोत्यात भरू लागलो. ओव्हरसियरची बदली झाली. शिक्षा म्हणून की बढती म्हणून, ते आम्हाला कधी कळलं नाही. नावाड्यावरचा ठपका मात्र कागदावरून पुसला गेला, एवढंच त्या फेरीचं फळ.

पुढे विलायतेत मोठी लढाई सुरू झाली, लोखंड मिळेनासं झालं. मी बाभळीचा गाडा केला. लोखंड फक्त सांध्यांना, उघड्या पट्ट्यांचं, पाणी कुठे थांबणारच नाही असं. दर खेपेनंतर तो धुवायचा, पुसायचा, दगडांवर चढवायचा. कुणी आळस केला की मी भर घाटावर शिव्या द्यायचो. लोक म्हणायचे, लोहाराचं डोकं बिघडलं.

नाव आता नावाड्याचा धाकटा भाऊ चालवी. नावाडी स्वतः काठीवर रेलून काठावर बसे. एकदा मी असाच कुणावर तरी ओरडून त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"तुन्हा राग मन्हा काय कामना?" तो म्हणाला. "तव्हय करता ना राग. रंगना डबा नदीमा फेकी देता."

त्याने मला उठायला सांगितलं नाही, आणि मीही उठलो नाही. पलीकडून हाका येत होत्या, नाव तिकडे निघाली होती.