शिळी पोळी खाली जाते

भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली, पण भूगोल नेमका कुठे थांबवायचा हे मला कधीच कळलं नाही.

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, आजारपणात जेवण सोडलं होतं. नागपूरला कळमन्याच्या धान्यबाजारात अडत्याकडे दिवाणजी होता तो; तुरीचा दाणा दाताखाली फोडून भाव सांगायचा. आता वरणाचा चमचा दिसला की भिंतीकडे तोंड फिरवायचा. डॉक्टर म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. दादाला त्या नळीची भयंकर धास्ती. वहिनींचा मला फोन आला, "भाऊजी, तुम्ही या. तुमची बडबड आयकता आयकता एखादा घास तरी खातीन."

बडबड हे माझं एकमेव भांडवल. मी ताट घेऊन पलंगापाशी बसलो आणि जेवणाचाच धडा केला.

"दादा, पृथ्वीचं कवच म्हणजे असे तुकडे. ही ज्वारीची भाकर म्हणजे खंडाची प्लेट, जाड पण हलकी. ही तूप लावलेली पोळी समुद्राची, पातळ पण जड."

"भाकरीपेक्षा पोळी जड? कोणत्या चक्कीचं पीठ होय गा?"

"मान ना तू! टक्कर झाली की जड ती खाली जाते, आत वितळते, अन् वर ज्वालामुखी पेटतात." मी पोळी भाकरीखाली सरकवली. मग दोन भाकरी एकमेकींवर रेटल्या. "इथे मात्र कोणीच खाली जायला तयार नाही. मग कडा चुरडतात, वर येतात. असा झाला हिमालय."

भाकरीचा भुगा चादरभर झाला.

"हिमालय झाडन कोण?" वहिनी चुलीपाशून ओरडल्या.

दादा हसला. कितीतरी दिवसांनी. मी चेकाळलो. "आपली प्लेट अजूनही उत्तरेकडे सरकून राहिली, दादा."

"नागपूरसकट?"

"नागपूरसकट."

"अन् मले संडासापर्यंत न्याले दोघं लागते."

इथे थांबायला हवं होतं. पण शहाणपण सुचलं तर तो मी कसला! मी डब्यातली कालची पोळी काढली, तव्यावरची गरम मागवली. "आता दोन्ही समुद्राच्या. दोन्ही पातळ, दोन्ही जड. मग खाली कोण जाते? तर जी जुनी, थंड पडलेली..."

जीभ पुढे गेली आणि मी मागे राहिलो. वहिनी लाटता लाटता थांबल्या. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला.

"म्हणजे नवीन जाते," मी घाईने म्हणालो. "हो, नवीनच. माझी गफलत झाली."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "पोट्ट्यांले असंच खोटं शिकवतं काय गा, मास्तर?"

"नाही."

"मंग कोणती जाते?"

"जुनी."

"हां. दे थे शिळीच इकडे."

त्याने एक तुकडा तोडला. फार वेळ चावला आणि गिळला. दुसरा तुकडा गालातच राहिला. वहिनींनी त्याच्या हनुवटीखाली तळहात धरला, तेव्हा त्याने तो निमूट बाहेर काढला. मला भूगोलातलं काहीच आठवेना.

दुसऱ्या दिवशीही तेवढंच. संध्याकाळी डॉक्टर आले, बॅग उघडली. दादाने नाकावर हात धरला होता, लहान मूल धरतं तसा.

"काही खाल्लं का यांनी?"

"दीड पोळी," मी म्हणालो. "तुपासोबत."

"अन् वाटीभर वरण," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी आम्हां दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग दादाच्या हाताकडे पाहिलं. बॅग बंद करून म्हणाले, "ठीक आहे. मग नळी नको."

ते जिना उतरल्यावर दादाने हात खाली घेतला आणि डोळे मिटले. त्यानंतर तो फारसा बोलला नाही. गेला, तेव्हा त्याच्या नाकात, चेहऱ्यावर कुठेच काही लावलेलं नव्हतं.